१९६९च्या एमजीबीची पेट्रोल लाइन: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

वास सकाळी यायचा. गाडी फिरवून आणल्यावर नाही, तर रात्रभर उभी राहिल्यावर गॅरेजचं दार उघडलं की. पहिले काही दिवस मी तो जुन्या गाडीचा स्वभाव म्हणून सोडून दिला, आणि ती माझी चूक होती. चालत्या गाडीला पेट्रोलचा वास येण्याची कारणं चार असू शकतात. बंद गाडीला वास येतो तेव्हा पेट्रोल कुठून तरी बाहेर पडतंय, एवढाच अर्थ होतो.

गाडी १९६९ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटांची गाडी. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो आणि ही गाडी २०१९ मध्ये घेतली. एमजीबी इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली आणि पाच लाखांहून जास्त तयार झाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) 'बी सीरिज'मधलं. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. म्हणूनच या कामात मला सगळ्यात उपयोगी सल्ला मिळाला तो कोल्हापूरच्या काकांकडून. काकांनी उभी हयात अ‍ॅम्बेसेडरच्या बॉनेटखाली घालवली आहे.

या गाडीची मांडणी आधी सांगतो, कारण धोका त्या मांडणीतच आहे. टाकी मागे, डिकीच्या तळाखाली. तिथून पेट्रोल खेचणारा एसयू कंपनीचा विजेवरचा पंप उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली. त्याच्या शेजारी बॅटरी. या सालच्या गाडीत सीटांच्या मागे, फळीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. पंपापासून धातूची नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते आणि शेवटी रबरी होजमधून पेट्रोल दोन एसयू कार्बोरेटरांना मिळतं, तिथे ते हवेत मिसळून इंजिनात जातं. बी सीरिजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. म्हणजे कार्बोरेटर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे धूर वाहणाऱ्या तापलेल्या नळ्यांच्या, वर बसतात, मध्ये फक्त एक पत्रा. कार्बोरेटरजवळचा होज गळला तर थेंब कुठे पडणार, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

शिवाय इथे वर्षातून एकदा होणारी एमओटी तपासणी २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांना सक्तीची नाही. ज्या गाडीला तपासणीची सगळ्यात जास्त गरज, तिच्याखाली वाकून बघणारा माणूस मालक सोडून दुसरा कुणी उरलेला नाही. तपासणी करून घ्यायला बंदी नाही, आणि मी आता दरवर्षी करून घेतो.

गळती शोधताना

एसयू पंपाची एक मोठी सोय आहे, तो बोलतो. किल्ली फिरवली, इंजिन चालू न करता, की पंप टकटक टकटक करत फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरांच्या पेट्रोल साठवायच्या छोट्या वाट्या, भरतो. चेंबर भरले, पेट्रोल अडवणाऱ्या सुया बसल्या, की दाब तयार होऊन पंप थांबतो. दाब फार नसतो, अडीच ते तीन पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). सगळं धड असेल तर पंप थांबला की थांबला. बराच वेळाने एखादा ठोका पडला तर हरकत नाही.

माझा पंप थांबतच नव्हता. वेग कमी व्हायचा, पण दर सात-आठ सेकंदांनी एक ठोका. याचा अर्थ तीनपैकी एक: पंपाच्या पुढे पेट्रोल बाहेर जातंय, पंपाच्या मागे हवा आत येतेय, किंवा पंपाची स्वतःची झडप नीट बसत नाहीये.

ओल शोधायला मी टाल्कम पावडर वापरली. पेट्रोल इतकं पटकन उडतं की हात फिरवून काही कळत नाही. प्रत्येक सांधा कोरडा पुसून त्यावर पावडर भुरभुरली, किल्ली फिरवून पाच मिनिटं पंप चालू ठेवला, आणि मग एलईडी टॉर्च घेऊन बघितलं. दोन ठिकाणी पावडर ओली होऊन पिवळट पडली होती. एक जागा पुढे, दोन कार्बोरेटरांना जोडणाऱ्या होजच्या बाकावर. दुसरी मागे, टाकी आणि पंप यांच्या मधे.

पुढचा होज बघून माझा विश्वासच बसेना. तो गाडीवरचा सगळ्यात देखणा भाग होता. स्टीलच्या तारांची चकचकीत जाळी, कुठे डाग नाही. आधीच्या मालकाच्या फायलीत त्याची पावतीही होती, २०१८ची. पाच वर्षांचा होज गळतोय आणि ५४ वर्षांची नळी कोरडी आहे, हे मला पटत नव्हतं. काकांना फोन लावला.

"जाळीचा हाय व्हय?" काकांनी विचारलं.

"हो काका, स्टीलची जाळी आहे वरून."

"मग बाहेरनं काय बघतोस लेका? काप त्याला उभा. रबर आतनं सडतंय. आणि कापायच्या आधी बॅटरी काढ, ते विसरू नगंस."

होज काढून उभा चिरला. जाळीखालचं रबर हाताला ताठ लागत होतं. आतली भिंत तर भेगाळलेली, आणि बाकाच्या बाहेरच्या अंगाला एक भेग आरपार गेलेली. नखाने खरवडलं तर काळे कण सुटून आले. जाळीमुळे बाहेरून यातलं काहीच दिसणं शक्य नव्हतं. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: पेट्रोलच्या होजवर जाळी नको. ती दिसायला छान असते आणि नेमकं जे बघायला हवं तेच झाकते.

रबराला काय होतं

जुन्या गाड्यांचे होज नायट्राइल रबराचे असत आणि निव्वळ पेट्रोलला ते वर्षानुवर्षं पुरत. इथेनॉल आलं आणि गणित बदललं. इथेनॉल अशा रबरात शिरतं, ते फुगवतं आणि त्याला लवचीक ठेवणारे घटक धुऊन काढतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की होज आतून कोरडा पडतो, आकसतो, आणि वाकलेल्या जागी तडकतो. जुनी हौसेची गाडी थंडीत चार-पाच महिने हलत नाही, म्हणजे ओलं-कोरडंचं हे चक्र तिच्या वाट्याला दरवर्षी येतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, आणि ते टाकीच्या तळाशी बसून गंज धरवतं.

ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल सप्टेंबर २०२१पासून ई१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. २००२पूर्वीच्या गाड्यांना ते घालू नये असा सरकारी सल्लाच आहे. महागडं 'सुपर' पेट्रोल ई५ राहिलं, मी तेच घालतो. भारतात आता पंपावर ई२० मिळतं, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसातून निघतं. महाराष्ट्रात ज्यांच्या दारात पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, येझदी किंवा जुनी बुलेट उभी आहे त्यांनी हे प्रकरण लेस्टरचं समजू नये. त्यांच्या होजला माझ्यापेक्षा चौपट इथेनॉल लागतंय.

म्हणून होज घेताना त्याच्यावर काय छापलंय ते वाचायचं. एसएई जे३० या पेट्रोल-होजच्या मानकात आर६ हा कार्बोरेटरच्या गाड्यांसाठीचा जुना, कमी दाबाचा प्रकार. आर९ मध्ये आतला थर फ्लुओरोइलास्टोमरचा असतो. व्हायटन या नावाने मेकॅनिक ज्याला ओळखतात, ते हेच. इथेनॉल त्याला सहज बाधत नाही. आर९ मुळात फ्युएल इंजेक्शनच्या जास्त दाबासाठी बनवलेला आहे, तरी माझ्या तीन पीएसआयसाठीही मी तोच घेतला. काहीच न छापलेला होज फुकट मिळाला तरी घेऊ नये. आर९ छापलेला पण संशय यावा इतका स्वस्त होजही नको, कारण नकली छपाईचा माल बाजारात आहे. आर९ची एक अडचण: तो ताठ असतो, तीव्र वळणात दबतो. जिथे जागा कमी तिथे वळण धातूच्या नळीला द्यावं आणि रबर सरळ ठेवावं.

मागची बाजू

टाकी ते पंप हा तुकडा मुळात धातूचा. माझ्या गाडीत कुणीतरी तो मधेच कापून तिथे वीतभर रबर घातलं होतं. छपाई नाही, साल नाही. दोन्ही टोकांना साध्या, खाचा पाडलेल्या पट्टीच्या क्लिप इतक्या आवळलेल्या की रबर त्या खाचांतून वर आलं होतं. या क्लिप रेडिएटरच्या जाड होजला ठीक, पेट्रोलच्या बारीक होजला त्या कापतात. इथे गुळगुळीत पट्टीची, छोट्या नट-बोल्टने आवळायची क्लिप हवी. आणि हा तुकडा पंपाच्या आधीचा, म्हणजे गाडी बंद असतानाही टाकीतलं पेट्रोल त्यात उभं. सकाळचा वास इथून येत होता.

एवढ्यावर थांबायचा मोह झाला होता. दोन होज बदलले असते, वास गेला असता. पण खाली झोपलोच होतो म्हणून मधल्या लांब नळीच्या क्लिपा सोडवल्या. उघड्यावर नळी ठणठणीत होती, वर चिखलाचं आणि जुन्या तेलाचं कवच. तिसरी क्लिप उचलली आणि तिच्याखाली नळी खड्डे पडून पातळ झालेली निघाली. इथल्या थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारं चिखलपाणी क्लिपेखाली साठून राहतं आणि तिथेच खातं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबलं तर खपली निघून खाली पडली. आरपार गेलं नव्हतं, पण आणखी दोन हिवाळे टिकलं असतं असं मला वाटत नाही. तेव्हा ठरलं, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळं नवं.

काम

पहिली गोष्ट जागेची. माझ्या गॅरेजात घराचा गॅस बॉयलर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड, ती जमिनीलगत पसरत जाते. उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि हवेत ती दीड टक्का असली तरी ठिणगी पुरते. बॉयलर आपोआप कधीही पेटतो. म्हणून गाडी ढकलत बाहेर अंगणात आणली आणि सगळं काम उघड्यावर केलं. जानेवारीत बोटं गोठली, दोन शनिवार पावसात गेले. तरी हा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. फोमचा अग्निशामक हाताशी, तारेचा हॅलोजन दिवा नाही, आणि आधी बॅटऱ्या सोडलेल्या. पंपाशेजारीच बॅटरी आहे, तिथे पाना निसटला तर ठिणगी अटळ.

दुसरी गोष्ट टाकीतल्या पेट्रोलची. टाकी भरली तर ५४ लिटरांच्या आसपास मावतं. इथल्या नियमाप्रमाणे घरात एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, प्लास्टिकचा कॅन दहा लिटरपर्यंतचा आणि धातूचा वीसपर्यंतचा. म्हणून आधी गाडी चालवून काटा तळाला आणायचा असं मनात होतं. पण गळक्या गाडीने पेट्रोल संपवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा झाला असता. उरलेलं पेट्रोल हातपंपाने धातूच्या कॅनमध्ये काढलं. सुदैवाने ते १२ लिटरच निघालं. बादलीत काढायचं नाही. उघडं पेट्रोल आणि प्लास्टिकवरची स्थिर वीज, दोन्ही एकाच वेळी नकोत.

जुनी मधली नळी न वाकवता, अखंड काढली, कारण तीच नव्या नळीचा साचा. ही काढायलाच अर्धा दिवस गेला. पंपाच्या तोंडावरचे नट पन्नास वर्षं हलले नव्हते. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पाने लावले, एक धरायला, एक फिरवायला. एकाच पान्याने जोर लावला असता तर पंपाचं तोंड पिळलं गेलं असतं.

नवी नळी तांबं-निकेलची घेतली, ८ मिलिमीटरची, मूळच्या ५/१६ इंचाला तीच लागते. ती गंजत नाही आणि हाताने वळते. गुंडाळी फळीवर लाटून सरळ केली. मोठ्या वळणांना साचा म्हणून लोणच्याची बरणी वापरली, लहान वळणांना हातातलं वाकवायचं यंत्र. जुनी नळी शेजारी ठेवून एकेक वळण जुळवत गेलो, घाई केली नाही. धातू एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवला तर कडक होऊन तडकतो.

जिथे रबर चढणार त्या टोकाला फ्लेअरिंगच्या (नळीचं टोक फुलवायच्या) यंत्राने बारीक कडं उठवलं. गुळगुळीत टोकावरून होज दाबाने घसरू शकतो, कडं त्याला अडवतं. नळीच्या आतला किस काढून आरपार फुंकर मारली, मग पेट्रोलमध्ये भिजवलेली चिंधी तारेने ओढून घेतली. नटांच्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप मुद्दाम लावली नाही. हे सांधे टोकावर बसून बंद होतात, आट्यांवर नाही. टेपचा एक धागा सुटला तर तो थेट कार्बोरेटरच्या सुईखाली जाऊन अडकतो. क्लिपा रबरी अस्तराच्या घेतल्या आणि प्रत्येकीखाली नळीला मेण चोळलं. एक्झॉस्ट आणि हँडब्रेकची केबल या दोन्हींपासून नळी लांब राहते ना, ते चाकं लोंबकळत असताना आणि जमिनीवर असतानाही बघून घेतलं.

याच कामात एक भर घातली, ती मूळ गाडीत नाही. विजेचा पंप किल्ली चालू असेपर्यंत पंप करत राहतो, अपघातात नळी तुटली तरी. म्हणून पंपाच्या तारेत एक इनर्शिया स्विच बसवला. जोराचा धक्का बसला की तो वीज तोडतो. जुनी गाडी जशीच्या तशी ठेवावी असं मानणाऱ्यांतलाच मी, पण इथे मला मूळपणाची पर्वा नाही.

पहिली चाचणी, आणि चूक

बॅटऱ्या जोडल्या. सांध्यांवर पुन्हा पावडर. मुलीला गाडीत बसवलं नाही, बाजूला पाच पावलांवर उभं केलं, ठोके मोजायला. किल्ली फिरवली. टकटक सुरू झाली, वेग मंदावला, आता थांबणार असं वाटलं आणि पुन्हा वाढला.

"बाबा, थांबत नाहीये!"

खाली बघितलं तर पुढच्या कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल धारेने गळत होतं. किल्ली बंद. एकही सांधा ओला नव्हता, सगळी पावडर पांढरी शुभ्र. म्हणजे लाइन ठीक होती आणि तरी पेट्रोल जमिनीवर.

फ्लोट चेंबरचं झाकण तीन स्क्रूंवर असतं. उघडलं तर तळाशी चहाच्या गाळासारखी काळी भुकटी, आणि सुईच्या टोकाशी मोहरीएवढा रबराचा कण. सुई बसत नव्हती, चेंबर भरून वाहत होता. जुन्या होजचे आतून सुटलेले कण वर्षभर तिथे साठत होते, आणि मी नवी लाइन जोडून त्यांना ढवळलं. चूक माझीच, लाइन बदलताना तिच्या दोन्ही टोकांना काय साठलंय ते बघायचं राहिलं. दोन्ही चेंबर साफ केले, सुया आणि त्यांच्या बैठका नव्या घातल्या. मग पंपाचं आवरण काढून आतली जाळी बघितली. तिच्यावरही काळा थर, शिवाय टाकीतल्या गंजाचे लाल कण. ती धुतली, वायसर नवे घातले.

जोडण्याआधी पंपाचा प्रवाह मोजला. पुढचं टोक धातूच्या कॅनमध्ये सोडून अर्धा मिनिट चालवलं, अर्ध्या लिटरच्या थोडं वर भरलं. पंप तंदुरुस्त होता.

दुसऱ्या खेपेला टकटक वीसेक सेकंद चालली आणि बंद पडली. मुलीने घड्याळ लावलं. दोन मिनिटं झाली, तीन झाली, ठोका नाही. मी गाडीखाली पडून टॉर्चने एकेक सांधा बघत होतो आणि वरून तिचा आवाज, "अजून गप्प आहे." पावडर कुठेही ओली नव्हती. मगच इंजिन चालू केलं, पूर्ण तापू दिलं, बंद केलं आणि पुन्हा सगळे सांधे बघितले, कारण गरम झाल्यावर क्लिपखालचं रबर जरा बसतं. दोन क्लिपांना अर्धा अर्धा आटा द्यावा लागला.

खर्च साधारण १३० पौंड झाला. त्यात हत्यारं धरलेली नाहीत. वेळ मात्र चार शनिवारांचा. एखाद्याने फक्त होज बदलायचे ठरवले तर एका दुपारचं काम आहे, आणि बहुतेक गाड्यांना तेवढं पुरेलही. पण क्लिपा उचलून बघितल्याशिवाय ते ठरवू नये.

पहिल्या फेरीत गाडी वीस मैल नेली आणि परत आल्यावर गॅरेजात रात्रभर ठेवली. सकाळी दार उघडून उंबऱ्यातच थांबलो. ओल्या लाकडाचा आणि टायरचा वास होता.

चिरलेला होज काकांना दाखवायला कोल्हापूरला नेला. त्यांनी तो उलटा वाकवून भेग उघडली, उजेडात धरली, आणि म्हणाले, "पाच वर्सं म्हणजे लई झाली. आता घातलेल्यावर तारीख लिवलीस का न्हाई?" लिहिली नव्हती. परत आल्यावर पांढऱ्या रंगाने प्रत्येक होजवर बसवल्याचा महिना आणि साल लिहिलं. टाकीवरच्या पेट्रोलमापकाचं रबरी कडं अजून जुनंच आहे. पुढच्या हिवाळ्यात टाकी उतरवायची आहे, तेव्हा ते निघेल.